बाबांचा अकीक आणि नकाशावरचा निळा चौकोन: ॲरिझोनातल्या एका दगड-ट्रिपचं पूर्ण प्रकरण

सासऱ्यांना आम्ही बाबाच म्हणतो. ते सिन्नरचे, वय 71. लहानपणापासून त्यांना विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या गारगोट्या घरी आणून धुवून खिडकीत मांडायचा नाद आहे, आणि गावात गारगोटी म्युझियम झाल्यावर तर दर पाहुण्याला तिथे घेऊन जाणं हे त्यांचं ठरलेलंच काम. नोव्हेंबरात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलरला आले आणि आठवड्याभरातच म्हणाले, "अगं, हे सगळं वाळवंट म्हणजे उघडा पडलेला दगडच आहे, मला एक तरी अकीक स्वतःच्या हाताने उचलायचाय, दुकानातला नको." माझा मुलगा 11 वर्षांचा, तो तर लगेच बादली घेऊन तयार.

तर हे प्रकरण म्हणजे त्या एका ट्रिपची आखणी. माणसं सहा: आम्ही नवरा-बायको, बाबा, मुलगा, आणि माझी मावसबहीण व तिचा नवरा. दोन गाड्या, दिवस दोन, फेब्रुवारीतला लाँग वीकेंड. अट एकच होती पण ती मी अगदी पक्की धरली होती: जे उचलू ते कायद्याने उचलता येईल अशाच जागेवरून, आणि बाबांच्या तब्येतीला झेपेल अशाच पद्धतीने. हे मी सविस्तर लिहितेय कारण आपली खूप मंडळी फिनिक्स, टक्सन, वेगस बाजूला राहतात, दर सुट्टीत आई-बाबा येतात, आणि "इथे सगळं सरकारी रानच आहे, उचला काय हवं ते" असं मी स्वतः तीन-चार घरी तरी ऐकलंय.

आधी एक गोष्ट, कारण बाबांनी गाडीत मुलाला ती फार छान समजावली. आपल्याकडचा दख्खनचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, मग सिलिका विरघळलेलं पाणी त्यात वर्षानुवर्षं झिरपत राहिलं आणि पुटावर पूट चढून अकीक, म्हणजे इंग्रजीतला ॲगेट, झाला. ॲरिझोनातही कित्येक ठिकाणी ज्वालामुखीचेच दगड, त्यामुळे गोष्ट तीच, फक्त इथल्या काही ठिकाणी सिलिकेबरोबर लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थरही बसले. प्रकाश त्या पातळ थरांतून परतताना रंग फुटतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे, आणि त्याला फायर ॲगेट म्हणतात. बाबांना तोच हवा होता. सिन्नरला झिओलाइट बघितले, अपोफिलाइट बघितले, स्टिल्बाइट बघितले, पण आग असलेला दगड त्यांनी कधी पाहिला नव्हता.

जागा ठरवताना

पहिली चूक आमच्याकडून होता होता राहिली. एका मित्राने दगड गोळा करणाऱ्यांचं एक जुनं पुस्तक दिलं, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश होते, "इथे चॅल्सेडनीची गुलाबं पायाखाली पडलेली असतात" असं लिहिलेलं (चॅल्सेडनी म्हणजे अकीकाच्याच जातीचा दुधट दगड), आणि जागा घरापासून दीड तासावर. नवरा म्हणाला झालं, हीच फायनल. मी रात्री बसून ते आकडे जमीन-मालकीच्या नकाशावर टाकले तर ठिपका पडला निळ्या चौकोनात, पिवळ्या पट्ट्यापासून जेमतेम 400 मीटर आत.

हे रंग समजून घेणं हाच या सगळ्या आखणीचा पाया आहे म्हणून जरा थांबून सांगते. इथल्या सरकारी नकाशांवर पिवळा रंग म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सगळे बीएलएमच म्हणतात, आणि हौशी माणसाला दगड उचलायला सर्वात मोकळीक तिथे. हिरवा म्हणजे नॅशनल फॉरेस्ट, तिथे थोडंफार चालतं पण प्रत्येक जंगलाच्या ऑफिसला विचारूनच. पांढरा म्हणजे खासगी, मालकाची परवानगी हवी. नारिंगी म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमातींची रिझर्व्हेशन, तिथे त्यांचाच कायदा. आणि निळा म्हणजे राज्याची ट्रस्ट जमीन, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण डोळ्यांना ती अगदी पिवळ्यासारखीच दिसते: तेच ग्रीसवूडचं झुडूप, तीच लाल माती, मध्ये कुंपण नाही, पाटीही नाही.

ही निळी जमीन आली कुठून याचं उत्तर मला फार आवडलं. सगळी जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत मोजलेली आहे, त्याला सेक्शन म्हणतात, 640 एकरांचा एक, आणि 36 सेक्शन मिळून एक टाउनशिप. ॲरिझोना 1912 मध्ये राज्य झालं, त्या सगळ्या व्यवहारात दर टाउनशिपमधले 2, 16, 32 आणि 36 नंबरचे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राज्याकडे आले. म्हणून नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. ही जमीन सार्वजनिक नाहीच, ती शाळांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली मालमत्ता आहे. फिरायला, तंबू ठोकायला तिथे एक स्वस्तातलं परमिट मिळतं, पण त्या परमिटवर दगड उचलून नेता येत नाही. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे देवस्थानच्या इनामी जमिनीसारखं, फिरा, बसा, पण पीक न्यायचं नाही." तंतोतंत तसंच नसेल, पण मुलाला तेवढ्यात कळलं.

दुसरा पर्याय मावसबहिणीचा: पेट्रिफाइड फॉरेस्टला जाऊ, तिथे तर दगड झालेली झाडं पडलीयेत. ते 1906 पासून संरक्षित आहे, 1962 मध्ये नॅशनल पार्क झालं, आणि नॅशनल पार्कमधून एक खडासुद्धा उचलायचा नाही, हा नियम जवळपास सगळ्या देशाला सारखा. बघायला जरूर जावं, आम्ही नंतर गेलोही. पण बाबांच्या इच्छेचं उत्तर ते नव्हतं.

तिसरा पर्याय फिनिक्सच्या पश्चिमेचा सॅडल माउंटन, टोनोपाजवळ. जमीन बीएलएमची, फायर ॲगेटही निघतो, घरापासून जवळ. अडचण अशी की तिथे खाणीचे क्लेम असतात. 1872 च्या जुन्या मायनिंग कायद्यानुसार माणूस सार्वजनिक जमिनीवर खनिजासाठी हक्क नोंदवू शकतो, एक लोड क्लेम, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या शिरेवरचा हक्क, 1,500 फूट बाय 600 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 20 एकर, आणि मग तिथली खनिजं त्या माणसाची, जमीन सरकारची असली तरी. कोपऱ्यावर लाकडी खांब किंवा दगडांचा रचलेला ढीग असतो, कुठे डबीत घडी घातलेला कागद असतो. पण खांब पडतात, कागद उडतात, त्यामुळे बीएलएमच्या ऑनलाइन नोंदींत क्लेम तपासणं हाच खात्रीचा मार्ग. एक खरं सांगू, ते रेकॉर्ड वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या, टाउनशिप, रेंज, सेक्शन या भाषेत सगळं असतं. जमतं पण. न जमलं तर त्या भागाच्या बीएलएम ऑफिसला फोन करावा, मी केला, समोरच्या बाईंनी पंधरा मिनिटं शांतपणे सगळं समजावलं.

त्या फोननंतर ठरलं ते ब्लॅक हिल्स रॉकहाउंड एरिया. सॅफर्ड गावापासून ईशान्येला साधारण 20 मैल, क्लिफ्टनकडे जाणाऱ्या हायवे 191 वर, 141 नंबरच्या मैलाच्या पाटीच्या आसपास फाटा. बीएलएमने ही जागा हौशी लोकांनी दगड गोळा करावेत म्हणूनच राखून ठेवलीय आणि फायर ॲगेटसाठीच ती ओळखली जाते. अशीच दुसरी जागा डंकनजवळ, राउंड माउंटन, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून, पण रस्ता खडबडीत, उंच गाडी लागते. पहिल्या दिवशी ब्लॅक हिल्स, रात्री सॅफर्डला मोटेल, दुसऱ्या दिवशी जमलं तर राउंड माउंटन. आणि अगदीच काही हाती लागलं नाही तर न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळ रॉकहाउंड नावाचं स्टेट पार्कच आहे, एरवी स्टेट पार्कमधून काही नेता येत नाही पण तिथे माणशी 15 पौंड दगड न्यायची मुभा आहे. तो आमचा राखीव पत्ता.

किती, कशाने आणि कशासाठी

बीएलएमच्या जमिनीवर स्वतःसाठी "वाजवी प्रमाणात" दगड, खनिजं, अर्धमौल्यवान खडे घेता येतात. वाजवी म्हणजे किती? दगड झालेल्या लाकडासाठी नियमात स्पष्ट आकडा आहे: दिवसाला 25 पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला 250 पौंड. आम्ही अकीकालाही तोच आकडा लावायचा असं घरात ठरवलं, आणि मोजायला घेतला तो इंडियाला जाताना बॅगा तोलायचा हुकवाला काटा, तो आपल्या प्रत्येक घरात असतोच. 25 पौंड म्हणजे सव्वाअकरा किलो.

हत्यारं हातातलीच. जिऑलॉजिस्टचा हातोडा, छिन्नी, छोटं फावडं. मशीन नाही, सुरुंग तर नाहीच नाही. खणलं तर खड्डा बुजवायचा, कारण तिथे गुरं चरतात आणि पाय मोडतो. बाणाची टोकं, खापरं, जुन्या वस्तू यांना हात लावायचा नाही, 1979 चा पुरातत्त्वाचा कायदा त्यासाठी आहे, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची जीवाश्मंही उचलायची नाहीत.

आणि विकायचं नाही. हा मुद्दा मला नंतर फार कामाला आला, कारण ट्रिपची बातमी कळताच ओळखीतल्या एकीने सुचवलं की छान पेंडंट करून गुढीपाडव्याच्या मेळ्यात स्टॉल लाव. तिचा हेतू चांगलाच होता. पण ही मुभा घरच्या हौशीपुरती आहे, धंद्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे लागतात. फुकट मिळालेल्या परवानगीवर धंदा केला तर उद्या ही जागाच बंद व्हायची, आणि पुढच्या कुणाच्या तरी आजोबांना ती मिळायची नाही. मी तिला तसंच सांगितलं, तिला पटलं.

बाबांची तब्येत

आमच्या आखणीत सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. बाबांना वीस वर्षांपासून डायबिटीस. थंडीतलं ऊन त्यांना चालतं, ऑक्टोबर ते एप्रिल हाच इकडचा सीझन, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा या नादाला लागूच नये आणि जुलैपासून पावसाळी ढग आले की कोरडे ओढे मिनिटांत भरून वाहतात. पण मला भीती होती व्हॅली फीव्हरची. ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, माती उकरली, वारा सुटला की तिचे बीजाणू धुळीबरोबर छातीत जातात. बऱ्याच जणांना काहीच होत नाही, काहींना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा, आणि डायबिटीस असलेल्यांना ती गंभीर व्हायचा धोका जास्त. इतकी वर्षं इथे राहून आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? आई-बाबा परत गेल्यावर खोकला सुरू झाला तर तिकडच्या डॉक्टरला "मी ॲरिझोनात होतो" हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर ते भलत्याच आजाराचे उपचार करत बसतील.

म्हणून नियम ठरले. बाबांनी खणायचं नाही, फक्त पृष्ठभागावरचं वेचायचं. एन-95 मास्क. खणणारे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बाबा वरच्या अंगाला. वारा वाढला की आवरतं घ्यायचं, चर्चा नाही. पायात जाड मोजे आणि टणक बूट, कारण चोया निवडुंगाचा काटा घुसला आणि जखम चिघळली तर त्यांच्यासाठी ते साधं नाही, आणि ते काटे काढायला एक जुना कंगवा, कारण बोटाने काढायला गेलं की बोटात जातात. दर दोन तासांनी खाणं, खिशात खडीसाखर. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, वर दहा लिटर जास्तीचं. तिथे नळ नाही, सावली नाही, फोनला रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड, आणि फिनिक्समधल्या मित्राकडे लिहून ठेवलेलं की संध्याकाळी सातपर्यंत फोन नाही आला तर कुठे कळवायचं.

प्रत्यक्षात

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या सोबत. ग्लोब गावानंतर रस्ता सॅन कार्लोस अपाची रिझर्व्हेशनमधून जातो आणि तिथे पेरिडॉट नावाचंच गाव लागतं, कारण हिरवा पेरिडॉट तिथल्या दगडात निघतो. मुलगा ओरडलाच, थांबा थांबा! तिथला पेरिडॉट काढायचा हक्क जमातीच्या लोकांचा, बाहेरच्याने रस्त्याकडेचाही वेचायचा नाही. मुलगा हिरमुसला, तर बाबा म्हणाले की ज्यांच्या घरची विहीर त्यांचीच गारगोटी, आपल्याला आपल्या जागी मिळेल.

सॅफर्डला पेट्रोल भरलं. माउंट ग्रॅहमवर, 10,700 फुटांवर, पांढरं बर्फ आणि खाली आम्ही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. फाट्यावरून आत कच्चा रस्ता, आमची साधी गाडी सावकाश गेली. थांबल्यावर आधी फोनवर ठिपका बघितला, पिवळ्यात आहोत याची खात्री केली, मगच डिकी उघडली.

पहिला तास काहीच कळेना. सगळं तपकिरी. मग बाबांना ओळख पटली. फायर ॲगेट पडलेला असतो तेव्हा चमकत वगैरे नाही, तो दिसतो भाजलेल्या चॉकलेटी रंगाचा, वर द्राक्षांच्या घडासारखे छोटे गोल फुगवटे, कडेला दुधट पांढरी चॅल्सेडनी. बाबा ऊन पाठीवर घेऊन, वाकून, अगदी हळू चालत होते, आणि मुलगा त्यांच्या मागे इस्त्रीची पाणी मारायची बाटली घेऊन. अकराच्या सुमारास बाबांनी सुपारीएवढा एक तुकडा उचलला, मास्क खाली न करताच मुलाला खूण केली, त्याने फवारा मारला, बाबांनी दगड उन्हात कलता केला, आणि एका फुगवट्याच्या आत, जणू काचेखाली, नारिंगी आणि त्याच्या कडेने हिरवी अशी एक रेघ हलली. परत कलता केला, परत हलली. बाबा बोलले नाहीत. मुलाच्या हातात दगड दिला, त्याचं मनगट धरून स्वतः फिरवलं आणि त्याला दाखवलं.

दुपारी मुलाला एक काळा, काचेसारखा, दोन्ही कडा टोकलेला तुकडा दिसला. बाणाचं टोकच वाटत होतं. फोटो काढला आणि होता तसा तिथेच ठेवला. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी बसून घडवलेली ती वस्तू जिथे पडली तिथे असण्यालाच अर्थ आहे, जागा बदलली की तिची अर्धी गोष्ट गेली, हे बाबांनी त्याला म्युझियमचं उदाहरण देऊन सांगितलं.

साडेतीनला खड्डे बुजवले. बादल्या काट्याला लावल्या: सगळ्यांचं मिळून 19 पौंड, आणि त्यातलं चारेक पौंड नुसतं सुंदर पांढरं चॅल्सेडनी जे मुलाने हौसेने भरलं होतं.

रविवारी सकाळी राउंड माउंटनला निघायच्या आधीच वारा सुटला. अंदाजात होता, पण इतका नव्हता, मोटेलच्या पार्किंगमध्ये धूळ उभी राहत होती. बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं की इतक्या लांब आलोय, गाडीत बसून बघून तरी येऊ. मी नाही म्हणाले. बाबा पण म्हणाले राहू दे. डेमिंगच्या पार्कचा विचार केला, सव्वादोन तास, पण वारा तिकडेही तोच. घरी परत आलो. बहिणीचा नवरा थोडा नाराज होता ग्लोबपर्यंत, मग गूळपोळी खाऊन निवळला.

पुढचे तीन आठवडे मी रोज बाबांना खोकला आहे का विचारत होते. नव्हता.

दगडाचं पुढे

फायर ॲगेटला पैलू पाडत नाहीत, वरचे थर हळूहळू घासून रंगाच्या थरापर्यंत पोचायचं असतं आणि तिथेच थांबायचं. केसभर जास्त घासलं की रंग गेला, परत येत नाही. कोरडं घासायचं नाही, सिलिकेची धूळ फुफ्फुसाला वाईट, पाण्याखालीच घासायचं. गावातल्या हौशी लोकांच्या दगड-क्लबमध्ये यंत्रं वापरायला मिळतात, तिथल्या एका वयस्कर बाईंनी मुलाला शिकवलं. पहिले दोन तुकडे त्याने वाया घालवले. तिसरा, बाबांचा तो सुपारीएवढा, त्याने बाबा सिन्नरला परत जाईपर्यंत घेतलाच नाही, धीर होईना. मे महिन्यात व्हिडिओ कॉल लावून चाकाशी बसला, फोन मी धरला होता, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले. थोडं घासायचा, पाण्यात बुडवायचा, लाइटखाली धरून फोनला दाखवायचा. बाबा प्रत्येक वेळी चष्मा वर करून बघायचे आणि "अजून थोडं" म्हणायचे. सातव्या की आठव्या वेळी दगड पाण्यातून वर आला आणि सगळा फुगवटा एकदम पेटल्यासारखा हिरवा-केशरी झाला, आणि बाबा तिकडून जोरात ओरडले, "थांब! बास, आता थांब!"